पहिल्या नाताळकार्डाच्या दोन कडा

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या नियतकालिकांतून एक लेख हमखास वाचावयास मिळतो. पूर्वी नाताळात पोस्टमन कार्डांचा गठ्ठा घेऊन दारी येई, ती कार्डे दोरीवर ओळीने टांगली जात, शेजारीपाजारी येऊन ती निरखीत. आता मोबाइलवर एकच तयार शुभेच्छा शंभर जणांना धाडून माणसे मोकळी होतात, स्नेहाचा ओलावा आटला, असा त्या लेखाचा सूर असतो. असे दोन लेख मीही लिहिले आहेत, हे आधीच कबूल करतो. पण नाताळकार्डाचा इतिहास जरा सावकाश वाचल्यावर या हळहळीचा पाया कच्चा आहे असे वाटू लागले. नाताळकार्ड जन्मले तेच मुळी घाईतून. पत्रे लिहावयास सवड नाही, म्हणून एका कामसू इंग्रज अधिकाऱ्याने ते छापून घेतले. तेव्हा ‘कार्ड गेले म्हणजे सवडीने जपलेला स्नेह गेला’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कार्डात जपण्यासारखे काही होते काय, आणि असल्यास ते कोठे होते, हा प्रश्न मात्र उरतो. त्यासाठी मूळ कार्डच समोर ठेवून पाहिले पाहिजे.

हे कार्ड १८४३ सालचे, लंडनचे. ते काढणारा हेन्री कोल हा सरकारी दप्तरखान्यात अधिकारी होता. पुढे १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या उभारणीत आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने प्रसिद्ध असलेल्या संग्रहालयाच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची अधिक महत्त्वाची ओळख म्हणजे रोलंड हिल यांच्या टपालसुधारणेत तो त्यांचा सहकारी होता. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावयाचा असे. तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पाकीट वापरले तर तोही एक कागद म्हणून मोजला जाई. १८४० साली देशभर एकच दर झाला, अर्ध्या औंसाला एक पेनी, तोही आगाऊ. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट आले. पाकिटाचा दंड संपला, गरिबालाही पत्र धाडणे शक्य झाले, आणि पत्रांचा पूर आला. ज्याने हा पूर आणण्यास हातभार लावला त्या कोलच्याच टेबलावर नाताळातील पत्रांचा ढीग साचावा, यात एक गमतीदार न्याय आहे. उत्तर न देणे असभ्यपणाचे, आणि द्यावे तर वेळ नाही. त्याने चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली याला एक चित्र काढावयास सांगितले, शिळाछापावर त्याच्या प्रती काढविल्या, हाताने रंग भरविले, आणि स्वतःला हव्या तेवढ्या प्रती ठेवून उरलेल्या विक्रीस ठेवल्या. ‘अमक्यास’ आणि ‘अमक्याकडून’ एवढ्या दोन जागा नाव घालण्यास मोकळ्या. बाकी सर्व मजकूर छापील. मोबाइलवरील तयार शुभेच्छेची पणजी ती हीच.

आता चित्र पाहू. लाकडी मांडवाच्या चौकटीवर द्राक्षवेली चढलेल्या आहेत, आणि त्या चौकटीने चित्राचे तीन भाग पाडले आहेत. मधला भाग मोठा. तेथे आजी-आजोबा, आई-वडील, मुले असे तीन पिढ्यांचे कुटुंब मेजाभोवती बसले आहे. त्यांच्या हातांत द्राक्षारसाचे पेले आहेत आणि ते आपल्याकडे, म्हणजे ज्याच्या हाती कार्ड पडले त्याच्याकडे, पाहून उंचावलेले आहेत. मेजाभोवती जणू एक जागा रिकामी आहे आणि ती पत्र घेणाऱ्याची आहे. ही कल्पना मोठी मनोहर आहे. दोन्ही कडांना उभे, अरुंद असे एकेक चित्र. एका बाजूस भुकेल्यांना अन्न दिले जात आहे; दुसऱ्या बाजूस उघड्यांना वस्त्र पांघरले जात आहे. ही दोन चित्रे रंगाने फिकी, रेषेने साधी. अनेकांच्या ती ध्यानातही येत नाहीत.

त्या काळच्या मद्यपानविरोधी मंडळींच्याही ती फारशी ध्यानात आली नाहीत. त्यांचे लक्ष खिळले ते मधल्या चित्रातील एका लहान मुलीच्या ओठाला लावलेल्या पेल्यावर. मुलांना दारूची वाट दाखविणारे चित्र म्हणून कार्डावर टीका झाली. (याच हॉर्स्लीने पुढे चित्रशाळांत विवस्त्र नमुने बसविण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली आणि नीतिरक्षक म्हणून स्वतःची पुष्कळ थट्टा करून घेतली. टीकेचे दैव असे फिरते.)

आपल्यासारख्या श्रद्धावंत वाचकाचा आक्षेप अर्थातच वेगळा असणार. या कार्डात गोठा कोठे आहे? मरिया नाही, योसेफ नाही, बाळ येशू नाही. तारा नाही, मेंढपाळ नाहीत. सण प्रभूच्या जन्माचा आणि चित्र जेवणावळीचे! हा आक्षेप आणखी टोकदार करता येतो. तीन भागांचे, मधला मोठा आणि कडांचे अरुंद, असे चित्र युरोपातील मंदिरांच्या वेदीवर शतकानुशतके असे. मध्ये माता आणि बालक, दोन बाजूंना संत. हॉर्स्लीने तीच मांडणी घेतली, आणि जेथे माता-बालक असावयाचे तेथे मध्यमवर्गीय कुटुंबाचे मेज मांडले. शिवाय शुभेच्छेच्या चित्रात बाळ येशू असणे ही काही नवी मागणी नव्हती. पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशात लाकडी ठशांनी आणि ताम्रपटांवरून छापलेली छोटी चित्रे निघत; त्यांत बाळ येशू स्वतः नववर्षाच्या शुभेच्छेची पट्टी घेऊन येई. ज्याचे केवळ ‘ई. एस.’ हे आद्याक्षर आपल्याला माहीत आहे अशा एका थोर ताम्रपटकाराचे असे चित्र प्रसिद्ध आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी जी शुभेच्छा बालकाच्या हातून येत होती, ती कोलच्या कार्डात कुटुंबप्रमुखाच्या हातून येऊ लागली. ही उणीव खरी आहे. ती झाकण्याचे कारण नाही.

तरीही ‘या कार्डात ख्रिस्त नाही’ असा निवाडा देताना आपण घाई करतो, असे मला वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय ज्याने ऐकला आहे त्याने पुन्हा एकदा कडांकडे पाहावे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र: ही दोन कृत्ये त्या अध्यायातून जशीच्या तशी उचललेली आहेत. तेथे राजा स्वतःला भुकेल्याशी आणि उघड्याशी एकरूप करतो. मग या चित्रात ख्रिस्त कोठे आहे याचे उत्तर त्या अध्यायाच्याच आधारे द्यावे लागते. तो मेजावर नाही, तो कडांना आहे. धर्मशाळेत जागा न मिळालेल्याला चित्राच्या मध्यभागीही जागा मिळाली नाही, असे म्हटले तर ते हॉर्स्लीच्या मनात नसेलही. चित्र मात्र तेच सांगते. सदाचारी कुटुंबाचे पेले उंचावलेले आहेत आणि वेलींच्या एका काठीपलीकडे कोणी थंडीने कुडकुडत आहे. दोन्ही एकाच चौकटीत. एक पाहावयाचे आणि दुसरे नाही, असे करता येत नाही. निदान करता येऊ नये.

हे केवळ आपल्या भाविकपणाने चित्रावर लादलेले नाही. ज्या वर्षी कार्ड निघाले ते वर्ष लक्षात घ्यावे. इंग्लंडमधील त्या दशकाला तेथील इतिहासकार भुकेचे दशक म्हणतात. १८३४ च्या कायद्याने गरिबांना मदत हवी असेल तर कष्टगृहात जाऊन राहणे भाग पाडले होते. १८४३ च्या डिसेंबरातच, १९ तारखेला, चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाले आणि नाताळापूर्वीच त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. त्याच महिन्यात ‘पंच’च्या अंकात टॉमस हूडची शिवणकाम करणाऱ्या गरीब स्त्रीवरील ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कविता निनावी छापली गेली. एका शहरात, एका महिन्यात, एक कथा, एक कविता आणि एक कार्ड, आणि तिन्हींत सणाच्या दारात उभा असलेला गरीब. डिकन्स आणि हूड यांची आठवण आपण साहित्याच्या इतिहासात ठेवली. कार्डाला मात्र आपण केवळ टपालाच्या इतिहासात ठेवून दिले.

पण एक टोचणी राहतेच. कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. पत्राचे हशील एक पेनी, आणि पत्राऐवजी धाडावयाच्या कार्डाला त्याच्या बारापट! ज्या गरिबाचे चित्र कडेला होते त्याला ते कार्ड कधीच विकत घेता येणार नव्हते. प्रती निघाल्या सुमारे एक हजार. उद्योग फारसा चालला नाही. आज त्यांतल्या मोजक्याच उरल्या आहेत, आणि २००१ साली एका प्रतीला लिलावात वीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

पुढला इतिहास भराभर सांगता येण्यासारखा आहे. विल्यम मॉ एग्ली या तरुणाने कोरलेले दुसरे एक कार्ड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरील सालाचा शेवटचा आकडा नीट लागत नसल्याने काही काळ ते १८४२ चे, म्हणजे कोलच्याही आधीचे, मानले जाई. आता ते १८४८ चे समजतात. त्यातही मेजवानी आहे, नाच आहे, बर्फावर घसरणारे लोक आहेत, आणि एका कोपऱ्यात गरिबांना अन्न वाटणारे हातही आहेत. म्हणजे पहिल्या दोन्ही कार्डांना गरिबांचा विसर पडलेला नव्हता. तो पडला नंतर, कार्ड स्वस्त झाल्यावर. हा विरोधाभास मला फार बोलका वाटतो. १८७० साली इंग्लंडमध्ये अर्ध्या पेनीत उघड्या पाकिटातून कार्ड धाडण्याची सोय झाली, रंगीत शिळाछपाई सुधारली, आणि कार्ड कारकुनाच्या, दाईच्या, मोलकरणीच्या घरीही जाऊ लागले. १८८० मध्ये टपालखात्याला ‘नाताळची पत्रे लवकर टाका’ अशी विनवणी करावी लागली. गरीब आता कार्ड घेणारा झाला, आणि नेमका त्याच सुमारास तो चित्रातून नाहीसा झाला.

त्याच्या जागी आले काय? फुले, मांजरे, बेडूक, बर्फाने झाकलेली घरे आणि रॉबिन पक्षी. हा रॉबिन इंग्रजी कार्डावर का बसला याची एक मौज आहे. तेथील टपालवाल्यांचा अंगरखा तांबडा असे, म्हणून लोक त्यांनाच ‘रॉबिन’ म्हणत. कार्डावर चोचीत पत्र धरलेला तांबड्या छातीचा पक्षी म्हणजे वस्तुतः पोस्टमनच. काही कार्डांवर तर मरून पडलेला रॉबिन आहे आणि खाली शुभेच्छा! आपल्याला हे विचित्र वाटते. थंडीने मेलेल्या त्या पाखरात थंडीने मरणाऱ्या गरीब मुलांची आठवण दडलेली असावी, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तसे असेल तर कडेचा गरीब पुरता गेलेला नव्हता. तो माणसाचा पक्षी झाला होता. पण माणसाची कणव करणे आणि पाखराची कणव करणे यांत फरक आहे. पाखरू आपल्याकडे कांबळे मागत नाही.

अमेरिकेत हा धंदा वाढविला तो लुई प्रँग या जर्मन प्रदेशातून आलेल्या बॉस्टनच्या छापखानदाराने. १८७० नंतरच्या दशकात त्याची नाताळकार्डे निघू लागली. एकेका चित्रासाठी वीस-वीस रंगशिळा वापरण्याची त्याची हौस, १८८० पासून चित्रकारांच्या स्पर्धा, पहिले बक्षीस हजार डॉलरचे. छपाईच्या दृष्टीने ही कार्डे कोलच्या कार्डाहून कितीतरी सरस होती. पुढे स्वस्त जर्मन मालापुढे त्याला माघार घ्यावी लागली. कलेच्या इतिहासात प्रँगला मानाचे स्थान द्यावे. आपल्या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही.

उत्तराचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. डेन्मार्कमध्ये आयनर होल्बेल नावाचा एक टपाल कारकून होता. नाताळातील पत्रांचे ढीग वेगळे करता करता त्याच्या मनात आले की या प्रत्येक पाकिटावर आणखी एक छोटे तिकीट लागले, आणि त्याचा पैसा क्षयरोगी मुलांसाठी गेला, तर? १९०४ साली ते नाताळतिकीट निघाले, आणि ती कल्पना देशोदेशी पसरली. आपल्याकडेही क्षयरोगनिवारणाची ‘टी.बी. सील’ १९५० पासून निघू लागली, आणि मोहिमेचा आरंभ गांधीजयंतीला होऊ लागला. शाळेत गुरुजी ती आम्हांस विकत घ्यावयास लावीत. ही तिकिटे कोणत्या नाताळच्या ढिगाऱ्यातून आली हे तेव्हा गुरुजींनाही ठाऊक नसावे. नंतर १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे पहिले कार्ड निघाले. युद्धात पोळलेल्या चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने, कागद मिळेना म्हणून, काचेवर रंगविलेले नाचणाऱ्या मुलींचे ते चित्र. गावाला मिळालेल्या मदतीबद्दल ती कृतज्ञता होती. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर यांनी सुरू केलेल्या ‘क्राय’ या संस्थेनेही वंचित मुलांसाठी शुभेच्छापत्रांतून निधी उभा केला. ती पत्रे आपल्यापैकी अनेकांनी धाडलेली आहेत.

या कार्डांविषयी माझे मन दुभंगलेले आहे. त्यांनी कडेचा गरीब परत आणला, हे निःसंशय. पण आणला कोठे? कार्डाच्या पाठीवर, बारीक अक्षरांत. पुढे चित्र सुंदर, आणि ‘या विक्रीतून’ अशी सुरुवात असलेली एक ओळ मागे. कोलच्या कार्डात देणारा हात आणि घेणारा हात दोन्ही दिसतात. ते एकमेकांना स्पर्श करतात. येथे पैसा दुकानात देऊन आपण मोकळे होतो. तरीही एक गोष्ट या कार्डांच्या बाजूने आहे: यित्काच्या कार्डात प्रथमच मदत घेणाऱ्याने चित्र काढले. हॉर्स्लीच्या कडेतील भुकेला माणूस बोलत नाही, फक्त घेतो. शंभर वर्षांनी त्याने ब्रश हातात घेतला. हा बदल थोडा नव्हे, आणि नाताळकार्डाच्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा मी प्रँगच्या रंगशिळांना नव्हे तर या काचेच्या तुकड्याला मानतो.

आपल्या वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या घरांकडे वळले तर आणखी एक कोडे दिसते. केळीच्या बागेतल्या घरात, पंख्याखाली, दोरीवर टांगलेली बहुतेक कार्डे बर्फाची! विलायती घसरगाडी, विलायती पाखरू, विलायती झाड. बर्फ पाहिलेला माणूस गावात एखादाच, तोही बोटीवर नोकरी केलेला. मला या बर्फाचा राग येत नाही. लहानपणी तो आम्हांला परीकथेसारखा प्रिय होता. पण दुसरी वाट जवळच होती. फादर स्टीफन्सने १६१६ सालीच ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली होती. गोव्यात जन्मलेल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या आंजेलो दा फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून लुगडे नेसलेली मरिया आणि भारतीय अंगणातले बालक रंगविले. त्यांच्या स्वतःच्या गोव्यात त्या चित्रांना विरोध झाला. १९६७ साली ते वारले. आमच्या दोरीवर मी त्यांचे चित्र एकदाही पाहिले नाही. बाळ येशू आपल्या ओट्यावर आलेला आपल्याला चालला नाही. बर्फातून आलेला चालला. कोलच्या कार्डात तो कडेला होता, आमच्या कार्डांत तो परदेशी होता.

इतके लिहून झाल्यावर माझ्याच दोरीवरचे एक कार्ड आठवते. आमच्याकडे नाताळकार्डे ‘बुक पोस्ट’ने जात. पाकीट चिकटवावयाचे नाही, झाकण आत खोवावयाचे, आत छापील मजकूर आणि सही, बस्स. खुशालीचा मजकूर लिहिला तर पत्राचा दर. इंग्लंडमधील त्या अर्ध्या पेनीचीच ही आपली आवृत्ती. माझी एक आत्या लग्न होऊन लांब गेली होती. ती दरवर्षी एकच स्वस्त कार्ड धाडी, त्यावर बहुधा तीच घंटा आणि तीच मेणबत्ती. एका वर्षी ते कार्ड ‘नॉटपेड’ होऊन आले. पोस्टमनने दुप्पट पैसे मागितले. आईची कुरकुर झाली, कारण महिनाअखेर होती. मग तिने कार्ड उघडून पाहिले. छापील शुभेच्छेच्या बाजूला, अगदी कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरांत आत्याने लिहिले होते की यंदा पाऊस नव्हता, भात झाले नाही, मुलांना कपडे झाले नाहीत, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आईने पोस्टमनला पैसे दिले, त्याला ओटीवर बसवून करंज्या दिल्या, आणि आत जाऊन आमच्या नव्या शर्टांसाठी आणलेले कापड ट्रंकेतून बाहेर काढून मोजू लागली.